शिंगराच्या पुस्तकातली म्हातारी घोडी

"यात आई आहे," असं म्हणून बुरुलने पुस्तक मिटलं आणि टेबलावरून रोझाताईंकडे परत सरकवलं.

रोझाताईंनी दुसरं काढलं. त्यात बदकाची पिल्लं होती. बुरुलने चष्मा नाकावर चढवून पानं चाळली, मध्येच कुठेतरी बदकीण निघाली, आणि तेही पुस्तक परत गेलं.

"अहो आपा, लहान मुलांच्या पुस्तकात आई नाही तर काय पोस्टमन असणार?"

"चालेल," बुरुल म्हणाली. "पोस्टमनचं आहे का?"

डोंगरातल्या कोचकोर गावच्या वाचनालयात खिडकीजवळ रोझाताईंनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक कागद लावला होता. शाळेत जायच्या आधी मुलांना कोणती चित्रांची पुस्तकं वाचून दाखवावीत, ते त्यावर लिहिलं होतं. बुरुल त्यातली पुस्तकं तांदूळ निवडावेत तशी निवडायची. ट्रकचं पुस्तक चाललं. वाऱ्याने टोपी पळवली, तेही चाललं. एकटं राहणारं अस्वल तर फारच आवडलं. पण ज्यात कुणी आई पिल्लाला कुशीत घेऊन बसलेली, ते खडा लागल्यासारखं बाजूला.

एकच पुस्तक तिच्या हातून निसटलं होतं. शिंगराचं. गेल्या थंडीत नातीने, बेरमेतने ते फडताळातून स्वतःच ओढलं आणि छातीशी धरलं ते सोडायलाच तयार होईना. चारचौघांत पोरीला रडवायचं कसं, म्हणून बुरुलने ते घरी नेलं. तेव्हापासून दर वेळी ते परत यायचं आणि परत जायचं.

आजही बेरमेत जमिनीवर मांडी घालून तेच उघडून बसली होती.

"सप्टेंबरात शाळा ना हिची?" रोझाताईंनी शिक्का मारता मारता आवाज खाली आणला. "शहरात घालताहेत म्हणे. जिबेक आलीय ना काल?"

"आलीय. येते दरवर्षी. चार दिवस राहील आणि जाईल," बुरुल म्हणाली. पण गावाला आपल्याआधी सगळं कळतं, हे तिला ठाऊक होतं.

पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही तिकडची रीतच. त्यात विचारण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. बुरुलचा थोरला असाच तिच्या सासूने नेला होता, आणि बुरुलने हूं का चूं केलं नव्हतं. पुढे मुलाचं, बाकितचं लग्न झालं, जिबेकला मुलगी झाली. चाळीस दिवस भरले तशी बुरुलच्या नवऱ्याने नात मांडीवर घेतली आणि म्हणाला, ही आमची. नातवंड म्हणजे दुधावरची साय. ती म्हाताऱ्यांच्या वाटीत पडायचीच. बाकित बायकोला घेऊन राजधानीत, बिश्केकला कामावर गेला. गाडीत बसताना एकोणीस वर्षांच्या जिबेकने ऐन उन्हाळ्यात अंगावर कोट घातला होता, कारण पुढून तिचा झगा दुधाने भिजला होता. बुरुलने ते पाहिलं होतं, आणि पाहिलं नाही असं स्वतःला सांगितलं होतं.

मग बेरमेत बोलायला लागली. बुरुलला ती आपा म्हणायची, म्हणजे आईच. बापाला दादा. आणि जिबेकला वहिनी. सगळं रीतीप्रमाणे. पण गेल्या वर्षी म्हातारा गेला, आणि त्या घरात बुरुलशी बोलायला, तिच्यावर रुसायला, पहाटे तिच्या पाठीला गार पाय लावायला एवढी एक पोर उरली. तीही गेली तर चूल कुणासाठी पेटवायची?

घरी आल्यावर जिबेकने चहा ओतला, कणकेचे बोरसोक तळून ठेवलेच होते. बुरुलने एक तोंडात टाकला आणि मांजराकडे बघून म्हणाली, "शहरातल्या शाळेत एका वर्गात पन्नास पोरं असतात म्हणे. नाव तरी लक्षात राहत असेल का मास्तरणीच्या?"

लेकी बोले सुने लागे, अशातला प्रकार. लेक नव्हती म्हणून मांजर.

जिबेकने मान वर केली नाही. "आमच्या गल्लीतच आहे शाळा, आपा. बाकितनी नाव घालून ठेवलंय," ती हळू म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तरच."

"मी कोण हो म्हणणार!" बुरुल म्हणाली, आणि टोपली घेऊन परसात गेली.

परसात करवंदासारख्या काळ्या बेरींच्या झुडपांना फळं लगडली होती. मुरंब्याची वेळ झाली होती. ही झुडपं बरोबर खोलीच्या खिडकीखाली, आणि खिडकी सताड उघडी. आता कुणी म्हणेल, बुरुल मुद्दाम तिथे गेली. गेली असेल! आपल्याच परसात फळं तोडायची चोरी आहे काय?

आत बेरमेतने जिबेकच्या मांडीवर पुस्तक आणून टाकलं होतं.

"वाच."

जिबेक वाचू लागली. एक शिंगरू होतं. डोंगरावरच्या कुरणात त्याला वारा भेटला, ढग भेटला, बिळातला मारमोट भेटला. जिबेकचा आवाज आधी जरा अडखळत होता, मग लागला. "मग शिंगरू धावत आईकडे गेलं आणि..."

"थांब!" बेरमेत म्हणाली. "चुकलीस. आईकडे नाही. ती मागे आहे ना म्हातारी घोडी, ती आई. ही वहिनी."

बुरुलचा हात झुडपातच राहिला. करणी तिचीच होती. चित्रात कळपाच्या कडेला चित्रकाराने एक करडी म्हातारी घोडी काढून ठेवली होती, गोष्टीत तिचं काही काम नव्हतं. बुरुलने पहिल्याच दिवशी तिला काम दिलं. तांबूस तरणी घोडी ती वहिनी, करडी ती आई.



"असं लिहिलंय का इथे?" जिबेकने विचारलं.

"आपा असं वाचते." मग बेरमेतचा आवाज बारीक झाला. पण सहा वर्षांच्या पोरीची कुजबुज ती काय, शेजारच्या गायीलाही ऐकू जावी. "तसं नाहीये ते. मला ठाऊक आहे. हे बघ, शिंगरू कुणाचं दूध पितंय? या तांबडीचं. वर कुरणात काकांच्या घोड्या आहेत ना, दुसरीचं शिंगरू जवळ आलं की त्या लाथ मारतात. ही मारतेय का?"

"नाही."

"मग?"

"मग तू आपाला का नाही विचारलंस?"

"वेडी आहेस का तू? या पानावर तिचं नाक वाहतं. मी पटकन उलटते पान." पान फडफडल्याचा आवाज आला. "तू पण तिच्यासमोर वहिनीच वाचायचं, हं. ती घरात असली की तूसुद्धा वहिनीच."

"आणि नसली की?"

बेरमेतने पुस्तक तिच्याकडे सरकवलं. "वाच ना," एवढंच म्हणाली.

बुरुल तिथेच मातीत बसली. जन्मभर घोड्यांची दुधं काढली तिने. शिंगरू तोंडाशी आणल्याशिवाय घोडी पान्हा सोडत नाही, हे पोरीला बोट धरून शिकवलं तेही तिनेच. आणि पुस्तकात मात्र वाटेल ती घोडी वाटेल त्या शिंगराला पाजत ठेवली, ते पोरीला कळणार नाही असं कसं वाटलं आपल्याला? लाज वाटली तिला. आणि ही एवढीशी कार्टी इतके दिवस आपल्याला सांभाळत होती.

तिने टोपली उचलली. तळाला मूठभरच फळं होती.

ती आत आली तशी जिबेक झटकन उठून उभी राहिली. सासूसमोर बसायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलं होतं.

"बस गं. उठते काय सारखी," बुरुल म्हणाली, आणि स्वतः त्यांच्या शेजारी गादीवर टेकली. "वाच. मलाही ऐकू दे."

जिबेकने पोरीकडे पाहिलं. पोरीने डोळे मोठे करून खूण केली. जिबेक वाचू लागली. "मग शिंगरू धावत वहिनीकडे..."

"तसं नाही लिहिलेलं."

"आपा, मी..."

"अक्षर न् अक्षर पाठ आहे मला ते. लिहिलंय तसं वाच."

बेरमेत दोघींच्या मधे सरकली. तिने बुरुलच्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक ओढलं आणि आधीच तिच्या हातात देऊन ठेवलं.

"मग शिंगरू धावत आईकडे गेलं," जिबेकने वाचलं. 'आई' म्हणताना तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "आई म्हणाली, किती लांब गेला होतास रे. मी इथेच उभी होते."

बुरुलने नाक पुसलं. या वेळी बेरमेतने पान उलटायची घाई केली नाही. ती चित्रावर वाकून पाहत होती.

"मग ही करडी कोण?" तिने विचारलं. "हिचं काहीच नाही लिहिलं?"

तिने आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "आपा? हिचं काहीच नाहीये?"

 आता काही रचून सांगायचा हक्क आपल्याला उरला नाही, असं बुरुलला वाटलं. 

"आहे की," जिबेक म्हणाली. तिने बोट पानाच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि अक्षर लावत वाचल्यासारखी सावकाश वाचू लागली. "करडी घोडी सगळ्यांच्या पुढे चालत होती. कारण डोंगराची वाट तिलाच माहीत होती. बर्फ पडायला लागला, तेव्हा ती शिंगराबरोबर खाली उतरली. आणि हिवाळाभर सगळे एकाच गोठ्यात राहिले."

"म्हाताऱ्या घोड्या आपलं कुरण सोडून खाली येत नसतात," बुरुल म्हणाली. 

"या पुस्तकातली येते, आपा."

"जागा तरी आहे का त्या गोठ्यात?"

"खिडकीजवळची आहे," जिबेक म्हणाली. "कधीपासून रिकामीच ठेवलीय."

बुरुलने त्या कोपऱ्याकडे पाहिलं. जिबेकच्या बोटाखाली हिरवं गवत होतं आणि एक टोळ. अक्षर एकही नव्हतं. पानावर वर दोनच ओळी होत्या, आणि त्या जिबेकने केव्हाच वाचून संपवल्या होत्या.

"हं," बुरुल म्हणाली. "परत वाच बघू ते. मागच्या वेळी हे माझ्या नजरेतून सुटलं वाटतं."