आरंभशूर आजोबांची बाबागाडी

पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. घड्याळ माझ्या डोक्यावरच टांगलेलं असायचं, म्हणून मला पक्कं आठवतं. तिथूनच हे सगळं सुरू झालं.

मी बोलतेय, बाबागाडी. चार चाकं, एक छत, एक पट्टा आणि ढकलायला मागे दांडा. एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एक बाई दिवसभर नुसती चाकं बसवायची. शेजारणीशी बोलत बोलत बसवायची, म्हणून माझं पुढचं डावं चाक जरा तिरकं बसलं. ते अजून कुरकुरतं. माणसांचंही तसंच असणार. काही माणसं बघितली की मला वाटतं, यांना बसवताना कोणीतरी गप्पा मारत होतं.

पहिल्या घरात मी फार दिवस टिकले नाही. तिथलं बाळ मला बघूनच किंचाळायचं, म्हणून त्या लोकांनी माझ्यात धुवायचे कपडे टाकले. मग नात्यागोत्यातून फिरत फिरत मी या घरात आले. या घरातलं बाळ त्याच्या बरोबर उलट. माझ्यात ठेवलं की गप्प, बाहेर काढलं की किंचाळणं सुरू.

बाळ म्हणजे मुलगी. नाव छान ठेवलं होतं, पण आजी तिला भोंगा म्हणायच्या. तिची एकच अट. गाडी चालत राहिली पाहिजे. गाडी थांबली की भोंगा वाजलाच.

भोंग्याचा बाबा छापखान्यात रात्रपाळीला. म्हणजे रात्रभर मला ढकलायचं काम बाळाच्या आईचं. ही आई म्हणजे घाबरट जीव. बाळ रडलं की तिला वाटायचं पोटात दुखतंय. बाळ गप्प झालं की त्याहून जास्त भीती, मग नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. पट्टा लावायची, लावलेला पट्टा बघायची, दारापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा पट्टा बघायची. मी तिला हसत नाही. माझाही स्वभाव तोच. रस्त्यात खडा दिसला तरी माझ्या पोटात गोळा येतो, आणि माझ्या पोटात तर बाळच असतं!

आता आजोबा. पन्नाशी उलटलेले, चष्म्याच्या दुकानात बसून दिवसभर लोकांना "खालची ओळ वाचा" म्हणणारे. पोट असं की आधी पोट खोलीत यायचं, मग आजोबा. पाण्याचा पेलासुद्धा बसल्या जागी मागायचे. आणि घरात त्यांचं दुसरं नाव होतं आरंभशूर. कपाट करायला घेतलं, त्याला दारं नाहीत. एक परकी भाषा शिकायला घेतली, त्यात "स्टेशन कुठे आहे?" एवढंच विचारता येतं, उत्तर आलं तर कळत नाही. बाल्कनीची भिंत रंगवायला घेतली, ती हात पुरला तिथपर्यंत निळी आहे.

आजी आल्यागेल्याला सांगायच्या, "आमचं लग्न तेवढं यांनी पूर्ण केलं, कारण माझे वडील दाराशी उभे होते."

तर त्या पहाटे आई मला हॉलमध्ये पुढेमागे ढकलत होती. ढकलता ढकलता ती फरशीवर बसली आणि बाळाबरोबर स्वतःही रडायला लागली. आवाज न करता, फक्त खांदे हलत होते. आजींनी ते दारातून बघितलं. त्यांचे गुडघे गेलेले, त्या मला ढकलू शकत नव्हत्या. त्यांनी आत जाऊन आजोबांचं पांघरूण ओढलं.

"उठा हो. तुमची नात रडतेय."

"रडताना माझी होय? हसताना तर तुझ्या माहेरावर जाते."

"उठताय का पाणी आणू?"

"प्यायला?"

"ओतायला."

आजोबा उठले. मला आणि भोंग्याला घेऊन खाली रस्त्यावर आले. आईने जिन्यातून सासऱ्यांना तीनदा हाक मारून सांगितलं, "बाबा, हळू. बाबा, कुत्री असतात. बाबा, पट्टा बघा."

आता गंमत ऐका. आजोबांना बाबागाडी ढकलायची भयंकर लाज वाटत होती. एवढा मोठा माणूस, दुकानात लोक साहेब म्हणतात, आणि हातात काय, तर बाबागाडी. तेवढ्यात समोरून शेजारच्या इमारतीतले बँकेचे मॅनेजर फिरायला येताना दिसले. आजोबांनी तोंड फिरवलं, मला जोरात वळवलं आणि कोपऱ्यापर्यंत चक्क पळत सुटले.

मी घाबरून दांड्यापासून चाकापर्यंत थरथरले. पण आत भोंगा गप्प, आणि जरा वेळाने झोपलासुद्धा.

आजोबा कोपऱ्यावर थांबले, भिंतीला हात टेकून धापा टाकायला लागले. मी थांबले तसा भोंगा सुरू. दोन खिडक्यांत दिवे लागले. एक आवाज आला, "कोण आहे रे? कशाला छळता पोराला?" आजोबा पुन्हा पळाले.

असं रोज व्हायला लागलं. लाजेने पळायचे आणि भोंग्याच्या भीतीने थांबायचे नाहीत. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना असं काम मिळालं होतं की जे मध्येच सोडता येत नव्हतं. सोडलं तर अख्खी गल्ली जागी व्हायची.

आधी कोपऱ्यापर्यंत, मग बागेपर्यंत, मग पुलापर्यंत. पोट हळूहळू आजोबांच्या मागून खोलीत यायला लागलं. चपला गेल्या, बूट आले. आणि घरातही काहीतरी बदललं. एक दिवस आजोबा स्वतः उठून पाणी प्यायले. आजींना वाटलं ताप आला असेल, त्यांनी कपाळाला हात लावून बघितला. मग ते बाळाचे लंगोट बदलायला शिकले. पहिला उलटा लावला, पण लावला. आणि आई सकाळपर्यंत झोपायला लागली. सुरुवातीला खिडकीत उभी राहायची, आम्ही परत येईपर्यंत. नंतर खिडकीत बसायची. मग एक दिवस मी परत आले तर खिडकीत कोणीच नव्हतं. आत घोरण्याचा आवाज येत होता. एवढीशी बाई, पण घोरणं एखाद्या पैलवानासारखं.

मग आजोबांच्या दुकानाच्या काचेवर कोणीतरी मॅरेथॉनचा कागद चिकटवून गेलं. बेचाळीस किलोमीटर. रात्री जेवताना आजोबा म्हणाले, "मी नाव देतोय."

आजींनी चमचा खाली ठेवला. "कुठल्या कामाला?"

"पळायला."

"छान. कपाटाला दारं नाहीत, भिंत अर्धी निळी, आता रस्तापण अर्धा सोडून या."

"शेवटपर्यंत जाणार," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच होता. "नाही गेलो तर जन्मभर आरंभशूर म्हण. मी परत तोंड उघडणार नाही."

"बाबा, काही झालं म्हणजे?" आई म्हणाली. तिचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, पळा, पण बेताने. आईने विचारलं, बेताने म्हणजे किती? तिने एवढ्या वेळा विचारलं, की शेवटी डॉक्टरांनाच घाम फुटला.

नाव द्यायला गेल्यावर खरी अडचण समजली. शर्यतीत चाकाची कोणतीही वस्तू चालणार नाही. म्हणजे मी नाही.

आजोबांनी सगळा सराव माझ्याबरोबर केलेला. मला सोडून ते पळायला गेले, तर हातांचं काय करायचं हेच त्यांना समजेना. मागे ठेवले तर तोल जाई, खिशात घातले तर धडपडत. शेवटी दोन्ही हात पुढे धरूनच पळायला लागले, न दिसणारा दांडा पकडून. आम्ही बाल्कनीतून बघायचो. रस्त्यावरची पोरं ओरडायची, "काका, झोपेत आहात का?" शिवाय पुढ्यात भोंगा नाही. वाटेल तेव्हा थांबता येत होतं. आणि ते थांबायचे. रोज थोडे लवकर.

आजी अर्ध्या निळ्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या.

शर्यतीच्या दिवशी आम्ही एका वळणावर उभे होतो. तिथून पुढे शेवट दिसत नव्हता, पण तिथला लाऊडस्पीकर ऐकू येत होता. मी, माझ्यात भोंगा, आई आणि पिशवी घेतलेल्या आजी. आधी वाऱ्यासारखी माणसं गेली. मग माणसांसारखी माणसं गेली. मग लंगडणारी गेली. मग रस्ता झाडणारे आले, आणि त्यांच्यामागे मागे राहिलेल्यांना गोळा करणारी बस.

बसच्या जरा पुढे आजोबा होते. चालत होते, हात पुढे धरून. आम्हाला बघितलं आणि त्यांचे हात खाली पडले. ते फुटपाथच्या कडेवर बसले.

शर्यतीचा एक कार्यकर्ता बसमधून उतरला. हसरा होता बिचारा. म्हणाला, "काका, वेळ संपली. रस्ता वाहनांना उघडायचाय. नंबर द्या. बसमध्ये बसा, आत पंखा आहे." त्याने आजोबांच्या छातीवरचा नंबर काढून घेतला.

आजोबा आजींकडे बघून म्हणाले, "घे. झालं तुझ्या मनासारखं. अर्धंच."

आजी टोमणा मारतील म्हणून मी वाट बघत होते. त्या गप्पच राहिल्या. तेव्हा मला कळलं की हे काही खरं नाही.

आई मला हलवत होती ती थांबली. भोंग्यानेही वेळ बघून गप्प बसायचं ठरवलं होतं, पायमोजा चावत बसला होता. आई कार्यकर्त्याला म्हणाली, "दादा, नंबर काढलात. म्हणजे हे आता शर्यतीत नाहीत ना?"

"नाहीत, ताई."

"मग शर्यतीचे नियम यांना लागत नाहीत."

त्याने डोकं खाजवलं. "तसं... फुटपाथवरून काय, कोणीही जाऊ शकतं."

आईने मला वळवलं आणि दांडा आजोबांच्या हातात दिला. "बाबा, उठा."

"अगं, पाय नाहीत राहिले मला."

"आहेत. मला दिसतायत दोन." तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. सासऱ्यांपुढे इतकं बोलताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. "इतके दिवस रोज पहाटे मी माझी पोर तुमच्या हातात दिली. जीव मुठीत धरून दिली. तुम्ही तिला एकदा तरी अर्ध्या वाटेत सोडून आलात का? मग आज सोडणार आहात?"

 आजोबा माझ्या दांड्याला धरून, जुन्या कपाटासारखे कुरकुरत उभे राहिले.

आईने आधी पट्टा बघितला, हे सांगायला नकोच.

"आणि माझे गुडघे?" आजी म्हणाल्या. त्यांनी बसकडे बघितलं. "एवढी रिकामी गाडी उभीच आहे, तर मीच बसते."

"मावशी, ती पळणाऱ्यांसाठी आहे हो."

"मग मी काय उडणारी दिसते?" म्हणत त्या चढल्या आणि खिडकीजवळ बसल्यासुद्धा.

आम्ही फुटपाथवरून निघालो. पळत होतो म्हणायला लाज वाटते, पण थांबलो नाही. दिव्याचे खांब, उभ्या केलेल्या स्कूटर, दुकानाबाहेर मांडलेल्या खुर्च्या, सगळ्यांना वळसे घालत. आई शेजारून पळत होती, एक हात माझ्या छतावर. तिच्या चपलेचा अंगठा तुटला, तर ती चप्पल हातात घेऊन पळाली. आजोबा नुसते मोठ्याने श्वास घेत होते, आणि भोंगा त्या तालावर झोपून गेला. आईने पळता पळताच वाकून त्याच्या नाकाखाली बोट धरून बघितलं.

लाऊडस्पीकर मध्येच बंद झाला. आम्ही पोचलो तेव्हा शर्यत संपते तिथल्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून टाकली होती, ती रस्त्याच्या कडेला लोळत पडली होती. खुर्च्या एकावर एक चढवल्या होत्या. शेवटच्या रेषेची जाड चटई दोन कामगार दोन्ही बाजूंनी गुंडाळत आले होते, आणि मध्ये अडकले होते.

कारण मध्ये, चटईच्या उरलेल्या तुकड्यावर, पिशवी काखेत मारून आजी उभ्या होत्या.

"काका, लवकर या हो!" एक कामगार ओरडला. "या मावशी हलेनात. आम्हाला टेम्पो भरायचाय."

"सांगितलं ना, येतायत," आजी म्हणाल्या. "आमच्या ह्यांना उशीर होतो. पण एकदा घेतलं की हे..."

 आजींचं वाक्य अर्ध्यात राहिलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

आधी माझी पुढची चाकं त्या तुकड्यावरून गेली, मग आजोबा. खरं सांगायचं तर मी त्यांच्या आधी पोचले, पण मी ते कोणाला बोलून दाखवत नाही. पदकांची खोकी बंद झाली होती. कामगारांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांची सुटका झाली होती.

आजोबा खाली बसले. बुटाच्या नाड्या सोडायला त्यांना वाकता येईना. आजी गुडघ्यांना शिव्या घालत त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि नाड्या सोडू लागल्या.  मग दोघांनाही उठता येईना, तर कामगारांनी चटई खाली ठेवली आणि एकेकाला धरून उठवलं.

त्याला आता बरेच दिवस झाले. भोंगा चालायला लागला, मग पळायला लागला, आणि पकडायचं काम आता आई करते. आजोबा मोकळ्या हातांनी पळायला शिकले. मी जिन्याखाली उभी असते. माझ्यात कोणी बटाटे ठेवतं, कोणी छत्र्या. मी तक्रार करत नाही, पण बटाटे काही झोपवावे लागत नाहीत. करमत नाही मला.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुमच्या ओळखीत एखादं न झोपणारं बाळ असेल, आणि त्याच घरात एखादं पन्नाशीचं माणूस दिवसभर बसून असेल, तर त्यांना माझ्याबद्दल सांगा. तुमच्या ओळखीत नसेल तर ज्यांच्या ओळखीत असेल त्यांना सांगा. पैसे नकोत. टेम्पोही नको. त्या बसलेल्या माणसालाच घ्यायला पाठवा, म्हणजे झालं. रस्त्याने मी त्याला घेऊन येईन.