मावशीच्या कानामागे

मित्रांनो, मी एक जुनं कानाचं मशीन आहे. टेबलावर पडलेला दिसलो तर तुम्हाला वाकडा शेंगदाणा वाटेन. कुणाच्या तरी कानामागे गुपचूप बसायचं आणि जगाचा आवाज आत पोचवायचा, एवढंच माझं काम.

कारखान्यात एका बाईंनी भिंगाखाली माझ्या केसाएवढ्या तारा जोडल्या. मग माझ्याजवळ तोंड आणून त्या म्हणाल्या, "एक, दोन, तीन." मी ऐकलेला तो पहिला आवाज. त्यांना सर्दी झाली होती, हेही मला लगेच कळलं.

तिथून मी आलो मावशींकडे. भाची त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. मावशी पुस्तकं बांधायच्या. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास असे. त्यांना वेड मात्र वेगळंच होतं. सगळं गाव नावाजलेल्या गायकांमागे धावायचं, तेव्हा मावशी एखाद्या तळघरात, चाळीस खुर्च्यांच्या खोलीत जाऊन बसायच्या. तिथे कुणी अनोळखी पोरं स्वतःच रचलेली गाणी गात. सिनेमेही त्यांना असेच लागत, ज्यांचं पोस्टर कुठल्याच भिंतीवर नसतं. त्या म्हणायच्या, "मोठ्या कार्यक्रमात गायक मुंगीएवढा दिसतो गं. इथे त्याच्या बोटाला बांधलेली पट्टीसुद्धा दिसते."

पण हळूहळू त्यांना ऐकू येईनासं झालं. गाणी कापसात गुंडाळल्यासारखी वाटू लागली. त्यांनी जाणंच बंद केलं. "कंटाळा आला," असं भाचीला सांगितलं. भाची कसली ऐकते! तिने मावशींना अगदी कान धरून तपासणीला नेलं. तपासणाऱ्या ताईंनी मला मावशींच्या कानामागे बसवलं आणि आधीच बजावलं, "हे बोलणं ऐकण्यासाठी आहे. गाण्याचं मात्र सांगता येत नाही."

पहिल्याच कार्यक्रमात मी माती खाल्ली. एक मुलगी बासरी वाजवत होती. आम्ही मशीनं कधी कधी स्वतःच शिट्टी मारतो, म्हणून मला शिकवलेलं असं, की लांबलचक बारीक सूर आला की ती तुझीच शिट्टी समज आणि दाबून टाक. मी इमानेइतबारे बासरी दाबून टाकली. मावशींना त्या मुलीचे फुगलेले गाल दिसत होते, नाचणारी बोटं दिसत होती आणि आवाज काहीच नव्हता. त्यांनी मला हळूच काढलं आणि डबीत ठेवून झाकण लावलं. त्या अंधारात मला फार लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात भाचीने त्यांना सिनेमाला ओढत नेलं. त्यात एक बाई तळ्याकाठी राहते आणि होडीची वाट बघते, एवढीच गोष्ट. अर्धा तास कुणी बोलतच नाही. मी मात्र मावशींना सगळं दिलं. कपातला चमचा, फळीवरची ओली पावलं, खुंटाला बांधलेली दोरी. मावशींनी भाचीचा हात घट्ट धरला.

"दोरी कुरकुरतेय गं! ऐकलंस?"

"ऐकलं. आणि सगळ्या हॉलने तुला ऐकलं."

परत येताना मावशी पायीच निघाल्या. कुठेतरी खिडकी लागली, कुणीतरी बादली सरकवली, त्यांच्याच चपला फरशीवर वाजत होत्या. सिनेमा संपलाच नव्हता, नुसता रस्त्यावर आला होता. मावशी झोपेत चालल्यासारख्या चालत होत्या आणि हसत होत्या.

मग ताईंनी मला गाण्यासाठी वेगळं लावून दिलं. आता बासरी दाबायची नाही. धोका एकच होता, मीच केव्हातरी शिट्टी मारायचो.

आणि मारलीच. एका रविवारी दुपारी त्याच तळघरात अकरा माणसं बसली होती. गाणाऱ्या मुलीचा आवाज इतका हळू, की जणू झोपेत कुणाशी तरी बोलतेय. तिसऱ्या गाण्याला मावशींनी तल्लीन होऊन गालाला हात लावला, तळवा मला लागला आणि मी 'कुईऽऽ' करून ओरडलो. सगळ्या माना वळल्या. गाणं थांबलं. मावशींचा कान तापला. मी तिथेच होतो, मला कळणारच.

"चल, निघू या," त्या शेजारी बसलेल्या भाचीला पुटपुटल्या आणि पिशवी उचलून उठल्या.

"काकू, थांबा ना," गाणारी मुलगी म्हणाली. "कानाचं मशीन आहे ना? माझ्या आजोबांचंही असंच वाजायचं. सावकाश बसवा. आम्हाला कुठे जायचंय?"

ड्रमवाला म्हणाला, "आम्ही बेसूर झालो तर तुम्ही थोडंच हाकलता आम्हाला?"

सगळे हसले. मावशी खाली बसल्या. मी काही केल्या नीट बसेना. सगळी खोली थांबून राहिली. मग त्या मुलीने पहिल्या शब्दापासून गाणं पुन्हा सुरू केलं.

घरी येताना मावशी म्हणाल्या, "मोठ्या मैदानात हे वाजलं असतं ना, तर कुणाला कळलंही नसतं. पण कुणी थांबलंही नसतं."

आठ वर्षं मी त्यांच्यासोबत हिंडलो. रोज त्या मला कोरड्या फडक्याने पुसायच्या. पुढे नवी मशीनं आली, दोन्ही कानांना एकेक. मी खणात दोऱ्यांच्या रिळांशेजारी जाऊन पडलो. दोन वर्षं कुणी माझं नावही काढलं नाही.

एके दिवशी, हे मी नंतर ऐकलं, मावशी तळ्याकाठचा सिनेमा पाहिलेल्या त्या छोट्या सिनेमाघरात गेल्या होत्या. तिथे तिकीट देणारे, सिनेमा लावणारे आणि झाडू मारणारे एकच गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत. ते म्हणाले, "या महिन्यानंतर बंद करतोय. लोकांना आवडतच नाही. हसत नाहीत, रडत नाहीत, दगडासारखे बसतात."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, आत्ता मी पोट धरून हसले. तुम्ही दारातच होतात."

"हसलात?" काका म्हणाले. "कधी?"

दुसऱ्याच दिवशी खण उघडला. ताईंनी काकांच्या कानाच्या मापाचा नवा साचा केला, मला त्यांच्यासाठी लावून दिलं, आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघं हॉलमध्ये मागे जाऊन उभे राहिलो. नऊ माणसं आली होती. काकांनी पडद्याकडे पाठ केली आणि खुर्च्यांकडे तोंड. कुणीतरी खुदकन हसलं. शेवटच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. मग एका क्षणी नऊच्या नऊ जणांनी श्वास रोखला आणि एकदम सोडला. काकांनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट पकडली.

सगळे गेल्यावर त्यांनी मावशींना एवढंच विचारलं, "पुढच्या रविवारी कुठला लावू?"

मित्रांनो, आता मी काकांच्या कानामागे असतो. मला पाण्यापासून जपा, घामापासून जपा, हे तर सांगायलाच हवं. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. अशा लहान जागी गेलात तर हसू दाबू नका, हुंदका गिळू नका. आणि सिनेमा संपल्यावर लगेच उठू नका. पडदा पांढरा झाला तरी काका थोडा वेळ तसेच उभे असतात, तुमच्याकडे कान देऊन.