एकतीस फ्रेमांची वाफ

दुरुस्तीवालीने बटण दाबलं आणि पडद्यावरची बाई जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली. पायघोळ पांढरा झगा, कठड्यावर हात, ओठ जरासे उघडे. ओठांपुढे बोटभर वाफ.

"ही," दुरुस्तीवाली म्हणाली. "मोजून एकतीस फ्रेम. सव्वा सेकंदाहून थोडी जास्त. दिसतेय ना, आजोबा?"

"दिसतेय."

ज्याला ती आजोबा म्हणत होती त्याला पंचावन्न वर्षांपूर्वी स्टुडिओत सगळे बर्फवाला म्हणत. आता त्याला चौऱ्याऐंशी पुरी झाली होती. लोकरीची टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली होती आणि तिची शिवण तो अंगठ्याने चाचपत होता. शेजारी त्याची मुलगी बसली होती. तिने पन्नाशी ओलांडली होती आणि ऑफिसातून अर्धी रजा टाकून ती त्याला घेऊन आली होती. खोलीच्या खिडकीला काळा कागद लावलेला होता. बाहेर दुपार आहे हे घड्याळ पाहिल्याशिवाय कळत नव्हतं.

दुरुस्तीवाली आठ महिने या एकाच चित्रपटावर बसली होती. रिळांवरची बुरशी, ओरखडे, फाटलेल्या कडा, एकेक फ्रेम घेऊन तिने हे सगळं दुरुस्त केलं होतं. काम संपत आलं आणि या वाफेपाशी अडलं.

"कंपनी म्हणते, पुसून टाक," ती म्हणाली. "हल्लीची मुलं इथे हसतात. भुताला दम लागला म्हणतात. पण कंपनीचाच नियम आहे. मुद्दाम केलेलं असेल तर हात लावायचा नाही, चूक असेल तर काढायची. दिग्दर्शक, म्हणजे तुमचे मोठे साहेब, शेवटपर्यंत मुलाखतींत सांगत होते, वाफ ही माझी कल्पना. आणि त्यांच्याच शूटिंगच्या नोंदवहीत हे सापडलं."

तिने एक झेरॉक्स पुढे सरकवली. बारीक, नेटक्या अक्षरात तीन वाक्यं होती. शॉट चौदाव्यांदा घेतला. वाफ दिसली, बर्फवाला बर्फ द्यायला विसरला. त्याला कामावरून कमी केलं.

"हे खरं का, एवढंच सांगा. खाली सही करा. दिग्दर्शक गेले, कॅमेरामन गेले. त्या जिन्यापाशी असलेली दोनच माणसं आज आहेत. तुम्ही आणि बाई. त्याही येणार आहेत, उशीर झालाय त्यांना."

टोपीवरचा अंगठा थांबला.

"बाई येणारेत?"

"यात खरं-खोटं काय," मुलगी म्हणाली. "आमच्या घरात ते जगजाहीर आहे. कुणी छत्री विसरलं, किल्ली विसरली, की आम्ही म्हणतो, बर्फ विसरला. माझ्या नवऱ्याने लग्नाच्या नोंदणीला कागद घरी ठेवले, तर आई तिथल्या अधिकाऱ्यासमोरच म्हणाली, जावईबापू बर्फ विसरले. आता माझी नातसुद्धा म्हणते. तिला चित्रपट माहीतही नाही."

दुरुस्तीवाली हसली. म्हातारासुद्धा हसला, सवयीने.

चित्रपट एका थंड, मोठ्या घराचा होता. घरातली मालकीण मेलेली आहे, पण ती घर सोडत नाही. शेवटी नवरा सामान बांधून निघतो आणि ती जिन्यावरून त्याला जाताना पाहते. मोठ्या साहेबांनी हे सगळं फळं साठवायच्या एका शीतगृहात उभं केलं होतं. त्यांना जिवंत माणसांच्या तोंडून वाफ निघायला हवी होती. मेलेल्या बाईच्या तोंडून नको होती. चित्रपटात हे कुणी बोलून दाखवत नाही. प्रेक्षकांना फक्त भीती वाटते, कशाची ते सांगता येत नाही.

त्यासाठी बर्फ. तोंड आतून गार असलं की श्वास दिसत नाही. बर्फवाला अंगठ्याच्या पेराएवढे खडे फोडायचा, जिभेला टोचू नयेत म्हणून दोन्ही तळव्यांत घोळून त्यांचे कोपरे घालवायचा आणि शॉटच्या आधी एक खडा बाईंच्या मुठीत द्यायचा. बाई तो गालात धरायच्या. शॉट संपला की तो पत्र्याचा मग पुढे करायचा, त्यात थुंकायच्या.

त्या दिवशी जिन्याचा शॉट संपत नव्हता. कधी दिवा हलला, कधी नवऱ्याची पेटी दारात अडकली. नवव्या खेपेपासून मगमध्ये रक्त दिसायला लागलं. बाईंच्या हिरड्या सोलवटल्या होत्या. त्यांनी तो मग स्वतःच्या हाताने उलटा धरून रिकामा केला, कुणी पाहू नये म्हणून, आणि पुन्हा पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. तेरावी खेप फुकट गेली तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. मोठे साहेब म्हणाले, अजून एकदा. पहाटे शीतगृह रिकामं करून द्यायचं होतं, फळांचे ट्रक येणार होते.

बर्फवाल्याने बादलीत हात घातला. नेहमीसारखा तळवे घोळल्याचा आवाज केला. पायरीशी जाऊन बाईंचा हात उघडला, त्यावर आपली मूठ ठेवली आणि त्यांची बोटं मिटून दिली. आत काही नव्हतं. बाईंनी मूठ तोंडापाशी नेली, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि गाल फुगवला.

वाफ दिसली. मोठे साहेब ओरडले, बर्फावर कोण आहे? तो म्हणाला, मी. विसरलो. पंधराव्या खेपेला वेळ उरला नव्हता, तोच शॉट चित्रपटात गेला.

मुद्दाम शॉट घालवला असं म्हटलं असतं तर त्या धंद्यात कुणी दारात उभं केलं नसतं. शिवाय का घालवला, तेही सांगावं लागलं असतं. बाईंना झेपत नाही ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टुडिओंत पोचली असती. विसरभोळा परवडला. पण विसरभोळ्यालाही कुणी बोलावलं नाही, आणि पुढची तीस वर्षं त्याने फर्निचरच्या दुकानात पॉलिश केलं. बाई त्याला पुन्हा भेटल्या नाहीत. तो विसरलाच असं त्यांनाही वाटलं असणार, हे तो धरून चालला होता.

"पुसल्यावर कसं दिसेल?" त्याने विचारलं.

दुरुस्तीवालीने नमुना करून ठेवला होता. बाई जिन्यावर आली, थांबली, खाली पाहिलं. ओठांपुढची हवा स्वच्छ होती. दार बंद झालं.

"छान झालंय की," मुलगी म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण आता ती नुसतीच उभी आहे."

म्हाताऱ्याने कागद जवळ ओढला. "खरं आहे," तो म्हणाला. "विसरलो होतो." आणि पेन मागितलं.

पेन शोधेपर्यंत दारावर काठी वाजली.

बाई आत आल्या. पडद्यावरच्या उंचीतलं फारसं काही उरलं नव्हतं, पण मान तशीच ताठ होती. दुरुस्तीवालीने पुढे केलेल्या खुर्चीकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"हिला चाकं आहेत. मला पडायचं नाहीये, एकदा मेलेय तेवढं पुरे." त्या साध्या खुर्चीवर, म्हाताऱ्याच्या शेजारी बसल्या. "काय बर्फवाले? केस कुठे गेले?"

"तुमच्याकडे आहेत तेवढे बघून समाधान मानतो, बाई."

"हे विकतचे आहेत."

दुरुस्तीवालीने त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. नियम, कंपनी, मुलाखती. झेरॉक्स दाखवली. बाईंनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली, उलटी करून टेबलावर ठेवली.

"आजोबा सही करतच होते," दुरुस्तीवाली म्हणाली. "म्हणजे चूकच होती ती. हो ना?"

"कसली चूक. बर्फ दिला होता त्यांनी."

म्हाताऱ्याने मान वळवली.

"दिला होता," बाई म्हणाल्या. "मी तोंडात घातला आणि कॅमेरा सुरू व्हायच्या आत बाहीत थुंकला. नवरा घर सोडून चाललाय आणि मी थंडगार बघत राहायचं, हे मला पटत नव्हतं. साहेबांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

"पण मग हे विसरलो का म्हणाले?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"मी शॉट बिघडवला असं कळलं असतं तर केवढा तमाशा झाला असता. बर्फवाल्याला घालवून भागत होतं. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. चित्रपट चालला, साहेब म्हणाले माझी कल्पना, मी तेही चालू दिलं. एवढं सगळं नको लिहू. वाफ नटीने मुद्दाम सोडली, एवढं लिही. मी सही करते."

"बाई," म्हातारा म्हणाला, "तसं नव्हतं. मी त्या वेळी—"

"हात करा इकडे."

त्याने केला. बाईंनी त्याचा तळवा उलगडला, त्यावर आपली मिटलेली मूठ ठेवली आणि दुसऱ्या हाताने त्याची बोटं एकेक करून मिटून दिली. मग काठी घेतली आणि दुरुस्तीवालीकडे वळल्या.

"कुठे करायची सही?"

दुरुस्तीवाली टाइप करत होती, तिने पाहिलं नाही. मुलीने पाहिलं. टेबलाखाली तिच्या वडिलांनी मूठ मांडीवर नेली आणि सावकाश उघडली. ती वाकून बघत होती. आत काही नव्हतं. ते त्या रिकाम्या तळव्याकडे असे बघत होते की तिने पर्स उगाच उघडून बंद केली.

सही झाली. बाईंना तो शॉट बघायचा नव्हता, त्यांना चहा हवा होता. दुरुस्तीवालीने नमुना पुसला आणि मूळ तुकडा पुन्हा लावला. बाई जिन्यावर आली, थांबली, खाली पाहिलं. ओठांपुढे वाफ आली, लांबली, विरली. या वेळी म्हाताऱ्याने शेवटपर्यंत पाहिलं. घरी टीव्हीवर हा जिना आला की तो पाणी प्यायला उठायचा, हे मुलीला आत्ता आठवलं.

दोघं लिफ्टपाशी पोचली तेव्हा मुलगी थांबली, उलट पावली खोलीत गेली आणि खुर्चीखाली पडलेली लोकरीची टोपी घेऊन आली. लिफ्ट यायला वेळ होता. तो वाट बघत उभा होता, नेहमीचे दोन शब्द ऐकायची तयारी ठेवून.

"काय गं," शेवटी त्यानेच विचारलं, "आज म्हणाली नाहीस?"

तिने टोपी झटकली आणि लहान मुलाला घालावी तशी, कान झाकून, त्याच्या डोक्यावर बसवली.

"चला बाबा," ती म्हणाली. "लिफ्ट आली."