गावातली एकमेव दाई

तनुजा शेलूबाजारच्या वांगी-मेथी पिकवणाऱ्या घरातली. त्या घरातून विद्यापीठापर्यंत पोचलेली ती पहिलीच. गाव कोणाला आपलं म्हणतं आणि कोणाला दूर ठेवतं, हा तिच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी मंगरूळपीरजवळच्या एका खेड्यात ती वर्षभर फिरली. तिथेच तिला गोजराबाई भेटली.

गोजराबाई गावची दाई. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, तरी तिला घरात कोणी घेत नसे. ती आधी बोलायलाच तयार नव्हती. नाव कुठंच येणार नाही, असं तनुजानं शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे ती म्हणाली, "लेकरू माह्या हातात देतात, पन चहाचा कप खाली ठेवतात."

ते वाक्य तनुजाला सोडवेना. लेख छापून आला तेव्हा नाव बदललेलं होतं. वाक्य मात्र जसंच्या तसं, आणि त्याच्यापुढे 'गावातली एकमेव दाई'.

सरपंचाच्या पुतण्यानं, विकासनं, तो लेख मोबाईलवर पाहिला आणि पारावर मोठ्यानं वाचला. आठ दिवसांत गिरणीवाल्यानं गोजराबाईचं दळण न दळताच परत केलं. निंदणाला बोलावणं बंद झालं. जीपवाला तिला पाहून थांबेना.

हे कळताच तनुजा धावत गेली. आधी सरपंचाच्या पाया पडली. चूक माझी आहे, बाईला छळू नका म्हणाली. आम्ही कोणाला काय केलं, असं त्यानं शांतपणे विचारलं आणि तिच्यासाठी चहा मागवला.

मग ती गोजराबाईकडे गेली. पोलिसांत तक्रार देऊ, मी साक्ष देते, असं काकुळतीनं सांगत राहिली. गोजराबाई तांदूळ निवडत होती. एक खडा बाजूला टाकत म्हणाली, "तू तक्रार देशीन अन् बसमधी बसून जाशीन. राह्याचं मले हाये."

"मी नाव नाही लिहिलं, मावशी."

"नाव नाही लिवलं. मलेच लिवलं."

लेख मागे घेऊ का, असं विचारायला तनुजानं मार्गदर्शकांना फोन केला. लेख मागे घ्यायला हरकत नाही, ते म्हणाले, पण हा बहिष्कारही प्रबंधात घाला, काम भक्कम होईल. तिनं फोन ठेवला. मंगरूळपीरच्या स्टँडवर ती बसून राहिली; शेलूबाजारच्या तीन गाड्या तिच्यासमोरून गेल्या.

महिन्याभरात गोजराबाई गाव सोडून रिठदला बहिणीकडे गेली. तनुजा तिथंही पोचली. दार बहिणीनं उघडलं, तेही अर्धवट.

"गोजरा म्हनते," बहीण म्हणाली, "आता माह्यापाशी तुले सांगाले काई नाही."

आतून बांगड्यांचा आवाज येत होता. तनुजा दार लागेपर्यंत उभी होती, आणि लागल्यावरही.