माझं साल चौऱ्याहत्तर

मी एक जुनी अमेरिकन गाडी आहे. दोन दारांची, लांब नाकाची, नारिंगी रंगाची. जन्म १९७४चा. बघा, साल ऐकताच तुमच्यातल्या शौकिनांनी नाक मुरडलं! मित्रांनो, पन्नास वर्षं मी हेच बघत आले आहे. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझ्याच घराण्यातली १९७०ची गाडी दिसली की हे शौकीन तिच्याभोवती पिंगा घालतात. का, तर तिचं इंजिन जास्त ताकदीचं आणि बंपर नाजूक. पुढे सरकारी नियम आले. धूर कमी करा म्हणाले, माझ्या इंजिनाची ताकद उतरवली. धक्के सोसा म्हणाले, माझ्या बंपरवर रबराचे काळे ठोकळे बसवले. मी निमूटपणे सगळं अंगावर घेतलं. त्याचं बक्षीस काय, तर 'हे साल नको'!

शुगर लँडच्या यशोधनने मला घेतलं तेव्हा मात्र सालावरून तोंड वाकडं केलं नाही. तो तेल कंपनीत इंजिनिअर. टेक्सासच्या उकाड्यात, सुट्टीच्या दिवशी घामाघूम होऊन त्याने माझा गंज घासला, कार्बोरेटर साफ केला. फिरायला निघालं की बायकोला, देवयानीला, त्याचं एकच रडगाणं ऐकावं लागे. "यार, सत्यजितच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाची तारीख २०११ची, त्याला कार्ड मिळालं. माझी २०१५ची, मी अजून वेटिंगवर! माझं काम कमी आहे का? फक्त साल चुकलं!" मला वाटलं, हा माणूस आपला आहे.

मग एका रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एक गृहस्थ माझ्यापुढे थांबला, "राँग इयर" म्हणाला आणि पुढे गेला. एवढंच झालं. पण यशोधनने लगेच सत्तर सालची जाळी मागवून माझ्या तोंडावर बसवली, रबराचे ठोकळे काढून टाकले आणि "सेव्हंटीची आहे" असं सांगत सुटला. मेल्याला लाज कशी वाटली नाही!

दसऱ्याला घरी मित्रमंडळी जमली, माझी पूजा झाली. माझ्या डॅशबोर्डावर, काचेतून दिसेल अशी, नंबराची पट्टी आहे. तिच्यातला सहावा आकडा साल सांगतो. नेमका त्याच पट्टीवर त्याने झेंडूचा जाडजूड हार ठेवला. पूजेच्या फुलांनी खोटं झाकलं! पेढा खात तोच ग्रीन कार्डवाला सत्यजित आत येऊन बसला आणि त्याने सहज हार सरकवला.

"अरे, सहावा आकडा चार आहे! ही तर सेव्हंटी-फोर!"

सगळे खो-खो हसले. दुसऱ्या दिवशी यशोधन गराजमध्ये फोनवर जाहिरात लिहू लागला. इंजिन, दारं, सीट सुटी मिळतील, खऱ्या सत्तरच्या गाडीला चालतील. खोटं बोलला तो, आणि तुकडे माझे होणार!

देवयानीने फोन काढून घेतला. "पोस्ट करायच्या आधी सांग, बिघडलीय का ती?"

"नाही गं. मस्त चालते. फक्त साल..." तो अडखळला.

"बोल ना. फक्त साल चुकलं. याच गाडीत बसून किती वेळा ओरडलायस तू!"

यशोधनने फोन परत घेऊन जाहिरात पुसून टाकली. मग त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, ती उसनी जाळी उतरवली आणि माझी जाळी, माझे ठोकळे परत लावले.

मित्रांनो, जुन्या गाडीचं तेल बदला, तिला दमट हवेत कुजू देऊ नका, हे तर सगळेच सांगतात. मी आणखी एक मागते. तिला दुसरीचं तोंड लावू नका. यशोधनला मी अजून माफ केलेलं नाही.

परवाच्या मेळाव्यात तोच गृहस्थ पुन्हा आला. "विच इयर?" त्याने विचारलं.

"सेव्हंटी-फोर," यशोधन मोठ्याने म्हणाला.

गृहस्थ नाक मुरडून पुढे गेला. यशोधन माझ्या बंपरवर हात ठेवून तिथेच उभा राहिला. घरी निघताना मी पहिल्याच किल्लीला सुरू झाले.