दगड पुंगाटी, ज्येष्ठ नागरिक

मी दगड बोलतोय. सावकाश बोलेन; घाई मला कधी जमलीच नाही.

अहेरीपासून दोन-तीन कोसांवरच्या एका जंगलगावात, सोमारी पुंगाटीच्या अंगणात मी अर्धा जमिनीत, अर्धा वर असा बसलो आहे. मला कुणी घडवलं नाही, कुणी आणलंही नाही. अंगणच माझ्याभोवती झालं. तिथे बाया रेला नाचतात. प्रत्येकीचा हात पुढचीच्या कमरेला. पहिलीच्या पुढे मात्र कुणी नसतं, आणि पहिली नेहमी सोमारी.

बावीस वर्षांपूर्वी नाचता नाचता तिच्या पायाचा अंगठा माझ्यावर आदळला. नख गेलं. तेव्हापासून माझ्याजवळ आली की ती अंगठ्याने मला हळूच चाचपते, गुडघा उचलते आणि डावीकडे वळते. मागच्या बायांनी तेच उचललं, त्यांच्या पोरींनी त्यांचं पाहून. का, ते कुणी विचारलं नाही. तिची नात दिव्यानी तर नळावरून येतानाही दर दहाव्या पावलाला गुडघा उचलते आणि हंडा सांडते.

पुढे सोमारीच्या डोळ्यांवर धुकं आलं. तिला माणसं दिसेनात, पण अंगठ्याला मी दिसत होतो. त्यामुळे गावात कुणाला कळलं नाही. कळलं अहेरीला.

तिथे नाचाची स्पर्धा होती. सकाळच्या तालमीत, मंचावर, सोमारीचा अंगठा मला शोधू लागला. शोधत शोधत ती पुढे गेली आणि सगळी ओळ गुडघे उचलत मंचाच्या कडेला आली. गावच्या ढोलवाल्या पत्रूने ढोल टाकून तिला धरलं.

"आजी, तुले दिसत नाई?" दिव्यानीने विचारलं.

"दिसते ना. घरी दिसते." मग सोमारी खाली बसली. "दुसरीले पुढं ठेवा. माहा नाच झाला आता."

दिव्यानी पत्रूला म्हणाली, "मामा, दगड आण."

हे मला पत्रूनेच वाटेत सांगितलं. सब्बलीने, म्हणजे पहारीने, उपटून, मोटारसायकलच्या मागच्या सीटला दुपट्ट्याने बांधून तो मला नेत होता. खड्डा आला की म्हणे, "घट्ट धरून बस."

मंचाजवळ अतुल नावाचा नोंदणीवाला बसला होता.

"नोंदणीबिगर कोणी वर चढणार नाई."

"हा नाचत नाई, भाऊ," दिव्यानी म्हणाली.

"मग वर काऊन पायजे?"

"आजी याच्यापासून वळते."

"म्हणजे भाग घेते. नाव सांगा."

"दगड."

"आडनाव?"

"पुंगाटी. आमच्याच घरचा हाय."

"वय?"

पत्रू म्हणाला, "माह्या आज्याच्या आधीचा."

अतुलने लिहिलं, 'ज्येष्ठ नागरिक', आणि मला बसायला खुर्ची दिली.

दुपारी मला मंचावर ठेवलं आणि सोमारीचा अंगठा माझ्यावर टेकला. त्याने मला हळूच चाचपलं. मग थांबला. गुडघा उचलला, वळली, आणि ओळ तिच्यामागे पाण्यासारखी वळली. परीक्षकांनी वहीत लिहिलं, 'अतिप्राचीन पाऊल'. नंबर तिसरा आला. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, मलाही.

दुसऱ्या दिवशी पत्रूने मला परत पुरलं, पण जुना खड्डा कोंबड्यांनी बुजवला होता. वीतभर चुकला. संध्याकाळी सोमारीचा अंगठा जुन्या जागी आला. तिथे काही नाही. सवयीने गुडघा उचलला गेला आणि पुढच्याच पावलाला ती मला धडकली.

ओळ थांबली. तिने वाकून मला हाताने चाचपलं.

"तू बी म्हातारा झाला का रे? जागा भुलला?"

"बाई, हलवू का त्याले?" पत्रूने विचारलं.

"राहू दे. थकला असंल तो. आपणच सांभाळून घेऊ."

आता या नाचात दोन उड्या आहेत. एक, मी होतो तिथली. दुसरी, मी आहे तिथली. नव्या पोरी दोन्ही मन लावून शिकतात.

तुम्ही कधी या अंगणात आलात आणि ठेच लागली, तर शिव्या खुशाल द्या. पण सब्बल आणू नका. मला आणखी एकदा हलवलं तर तिसरी उडी येईल, आणि सोमारीचे गुडघे आता दोनच सोसतात.