रेषेवरचा पहिला ठिपका

खगोलशास्त्र विभागाच्या प्रमुखांना सगळे पाठीमागे रेषावाले सर म्हणत. तीस वर्षांपूर्वी त्यांनी एक आलेख काढला होता. दीर्घिकेच्या मधला ताऱ्यांचा फुगवटा जितका जड, तितकं तिच्या पोटातलं कृष्णविवर जड, आणि सगळे ठिपके कसे शहाण्या मुलांसारखे एका रेषेत. त्या रेषेच्या जोरावर सरांनी मानमरातब, परदेशवाऱ्या आणि खिडकीजवळची ऐसपैस खोली मिळवली होती.

विभागाची एक शिस्त होती. ठिपका रेषेबाहेर पडला, तर मोजमाप चुकलं समजून पुन्हा मोजायचं. रेषेवर पडला, तर चहा प्यायचा.

सगळ्यांत शेवटी आली म्हणून जिला धाकटी म्हणत, तिची नोकरी वर्षअखेरीस संपत होती. मुदतवाढीला सरांची सही हवी, आणि सहीसाठी शोधनिबंध हवा. नेमकी तिच्याच वाट्याला एक किडमिडीत दीर्घिका आली, जिच्या मधोमध अवाढव्य कृष्णविवर ठाण मांडून बसलं होतं. धाकटीने ते चार वेळा मोजलं. आकडा तसूभर हलला नाही. सर म्हणाले, पाचव्यांदा मोज.

तिचं डोकंच फिरलं. तिने पाचव्यांदा मोजलं खरं, पण सरांनी स्वतः सगळ्यांत आधी मोजलेल्या दीर्घिकेचं कृष्णविवर. रेषेवरचा तो अगदी पहिला ठिपका. तीस वर्षांत त्याला कुणी हात लावायला धजलं नव्हतं. नव्या दुर्बिणीच्या नोंदी लावताच तो रेषेपासून चांगला लांब जाऊन बसला.

आलेख घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हा कुणी मोजायला सांगितला होता?"

"कुणीच नाही, सर. म्हणून तर तो इतकी वर्षं रेषेवर राहिला."

सरांनी आलेख खणात टाकून खण बंद केला. धाकटीने मनातल्या मनात टेबल आवरायला घेतलं.

आठवड्याने बैठकीत सरांनी जाहीर केलं की, रेषेबद्दल त्यांना पहिल्यापासूनच शंका होती, फक्त चांगल्या दुर्बिणीची वाट पाहत होते. टाळ्या पडल्या. ज्यांनी आयुष्यभर ठिपके ओढूनताणून रेषेवर आणले होते, त्यांनी जरा जास्तच वाजवल्या. शोधनिबंधावर पहिलं नाव सरांचं होतं, धाकटीचं चौथं. सोबत मुदतवाढीचा कागद, सहीसकट.

आपल्याला संताप येईल, असं तिला वाटलं होतं. पण कागद हातात येताच तिचा जीव भांड्यात पडला, आणि त्याचीच तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली.